छोट्या विमानावर अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल बसवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

दर हिवाळ्यात जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूरकडची शेवटच्या वर्षाची मुलं आपापली विमानं घेऊन माझ्याकडे येतात. विमान मेहनतीनं बनवलेलं असतं, कोडही चालू असतं. तरी बहुतेकांचं घोडं एकाच जागी अडतं. जे मोजता आलं असतं ते मोजलेलं नसतं, 'कंट्रोलर शिकून घेईल' म्हणून सोडून दिलेलं असतं, आणि अ‍ॅडॅप्टेशन (कंट्रोलरनं उडता उडता स्वतःचे आकडे बदलत शिकणं) पहिल्याच उड्डाणात चालू केलेलं असतं. विमान पडतं आणि दोष सूत्रावर जातो. सूत्र बरोबरच असतं, क्रम चुकलेला असतो. म्हणून हा लेख सगळा क्रमाबद्दल आहे.

उदाहरणासाठी आमचं सरावाचं विमान घेतो: पंखांचा विस्तार १.६ मीटर, वजन १.८ किलो, नेहमीचा वेग सेकंदाला १५ मीटर. फक्त रोलचा (पंख डावी-उजवीकडे झुकण्याचा) अक्ष धरला आहे. पिचला (नाक वर-खाली होण्याला) हेच टप्पे लागतात, पण रोल हाती बसल्याशिवाय पिचकडे वळू नका.

## टप्पा १: काय माहीत नाही, ते आधी कागदावर

वहीच्या पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे बदलणाऱ्या पण मोजता येणाऱ्या गोष्टी लिहा, उजवीकडे मोजता न येणाऱ्या.

डावीकडची पहिली गोष्ट हवेचा वेग आणि घनता. मे महिन्यातल्या दुपारी ४५ अंशांना जळगावात हवेची घनता घनमीटरला साधारण १.०८ किलो असते, डिसेंबरातल्या पहाटे १० अंशांना १.२२ किलो. हा बाराएक टक्क्यांचा फरक बरेच जण अनिश्चिततेत धरतात आणि अ‍ॅडॅप्टेशनच्या गळ्यात मारतात. तसं करू नका. पिटो ट्यूब (हवेचा वेग कळण्यासाठी लावलेली नळी) जो दाब मोजते, त्यात घनता आणि वेग दोन्ही आलेच. आयलेरॉनचा (पंखाच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्टीचा) जोर त्या दाबाच्या प्रमाणात, म्हणजे वेगाच्या वर्गानं वाढतो, आणि रोलला होणारा हवेचा विरोध साध्या वेगाच्या प्रमाणात वाढतो. हे नियम आपल्याला माहीत आहेत, म्हणून गेन (कंट्रोलर किती जोरानं उत्तर देतो ते ठरवणारे गुणक) त्यांच्या हिशेबानं आधीच कमी-जास्त करून घ्या. बॅटरीचा व्होल्टेज आणि नेलेल्या सामानाचं वजनही डावीकडेच लिहा.

उजवीकडे उरतं ते खरं काम: दुरुस्तीनंतर किंचित पिळलेला पंख, उन्हात नरम पडून वाकणारा फोम, टेप लावून जाड झालेली कड, सामानामुळे बदललेला समतोल, अडकून बसलेला एक आयलेरॉन. अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल एवढ्यासाठीच.

तपासणी: उजव्या बाजूच्या प्रत्येक ओळीपुढे 'कितीपासून किती' हा अंदाज लिहिला आहे का? एक आयलेरॉन बंद पडला तर रोलचा जोर निम्मा होईल, अशा भाषेत. हे आकडे टप्पा ५ आणि ६ मध्ये लागणार आहेत. ते नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: विमान, वावर आणि परवानगी

सर्वोचा (आयलेरॉन हलवणाऱ्या छोट्या मोटरचा) दांडा आणि आयलेरॉन यांच्यातली ढिलाई आधी काढा. आयलेरॉनची मागची कड बोटांत धरून हलकेच हलवा. सर्वो न हलता कड दोन मिलिमीटर हलत असेल तर दांडा, छिद्र किंवा बिजागरी बदला. ढिलाई असली की विमान सतत बारीक डुलत राहतं आणि अ‍ॅडॅप्टेशन त्या डुलण्यालाच हवेचा गुण समजून गेन वाढवत नेतं. सॉफ्टवेअरनं ढिलाई जात नाही.

गुरुत्वमध्य रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही अवस्थांत मोजून पंखाखाली खूण करा. तो मागे सरकून विमान अस्थिर झालं असेल तर ते वजन सरकवूनच दुरुस्त करायचं.

पिटो ट्यूबकडे दर वेळी बघा. आमच्या शेडमध्ये आठवडाभर ठेवलेल्या विमानाच्या नळीत कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. बाहेरून काही दिसत नव्हतं, नळीत फुंकर मारल्यावर वेगाचा आकडा हलेना, तेव्हा कळलं. तशीच उडवली असती तर वेग शून्य धरून गेन कितीतरी पट वाढले असते. आता नळीवर टोपी घालतो आणि उड्डाणाआधी फुंकर मारून आकडा बघतो.

उडवायला दादर (रब्बीची ज्वारी) काढून मोकळं झालेलं वावर उत्तम. कपाशीचं वावर टाळा, उभ्या पऱ्हाट्या फोमच्या पंखाला थेट भोसकतात. केळीच्या बागेजवळची जागा दिसायला छान, पण दुपारी त्रासदायक. रावेर-यावल पट्ट्यात ओल्या बागेला लागूनच नांगरलेली काळी जमीन असते. उघड्या जमिनीवरची तापलेली हवा वर उठते, बागेवरची गार हवा खाली बसते, आणि मधल्या शेवरीच्या कुंपणावरून जाताना विमानाचा एक पंख एका हवेत आणि दुसरा दुसऱ्या हवेत असतो. त्या धक्क्यात घेतलेल्या मोजमापाला अर्थ नाही. मोजमापाची उड्डाणं सूर्योदयानंतरच्या दीड तासात उरका.

नियमांचंही पक्कं करून घ्या. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं विमान 'मायक्रो' वर्गात येतं. मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थेला संशोधनासाठी, ग्रीन झोनमध्ये (जिथं उडवायला आधी परवानगी लागत नाही) आपल्या आवारात किंवा आपल्या ताब्यातल्या मोकळ्या जागेत उडवायला त्या नियमांत सवलत आहे. पण जागा ग्रीन झोनमध्ये आहे हे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-संकेतस्थळाच्या नकाशावर त्याच दिवशी बघा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागणारा यलो किंवा रेड झोन लागतो, आणि ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ग्रीन झोन फक्त २०० फुटांपर्यंत असतो. जळगाव विमानतळाजवळच्या गावांतल्या मुलांनी हे विशेष लक्षात ठेवावं. इतरत्र ग्रीन झोनची मर्यादा ४०० फूट, म्हणजे १२० मीटर.

## टप्पा ३: उशीर मोजा

या टप्प्याला अर्धा तास पुरतो, तरी जवळपास प्रत्येक गट तो गाळतो. कमांड दिल्यापासून आयलेरॉन खरंच ढळेपर्यंत किती वेळ जातो, हे माहीत नसेल तर पुढचा एकही आकडा भरवशाचा नाही.

कमांड सुटताच पेटेल असा एक एलईडी जोडा. मोबाइलच्या स्लो-मोशनमध्ये, सेकंदाला २४० फ्रेम घेत, एलईडी आणि आयलेरॉन एकाच चौकटीत धरा. एलईडी पेटलेल्या फ्रेमपासून आयलेरॉन आपल्या प्रवासाचा ६३ टक्के भाग पार करेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. आमच्या विमानात १८ फ्रेम आल्या, म्हणजे ७५ मिलिसेकंद. त्यात सुमारे २५ शुद्ध उशीर, कारण आयलेरॉन हललंच नव्हतं, आणि ५० सर्वोचा संथपणा.

हीच चाचणी आयलेरॉनला रबरबँड लावून पुन्हा करा, हवेतल्या ताणासारखा ताण येतो. नंतर बॅटरी अर्ध्यावर आल्यावर पुन्हा. सर्वात वाईट आकडा वहीत लिहा.

सावध: फ्लाइट कंट्रोलरचा लूप, म्हणजे हिशेबाची फेरी, किती हर्ट्झला (सेकंदाला किती वेळा) चालतो तेही बघा. आर्डुप्लेन या ऑटोपायलट सॉफ्टवेअरमध्ये तो सहसा ५० हर्ट्झवर ठेवलेला असतो, म्हणजे प्रत्येक फेरीला २० मिलिसेकंद. अ‍ॅडॅप्टेशनसाठी तो वाढवून घ्या. १०० ते २०० हर्ट्झ असेल तर निवांत काम करता येतं.

## टप्पा ४: पहाटेच्या उड्डाणातून मॉडेल काढा

अ‍ॅडॅप्टेशन पूर्ण बंद. विमान सरळ, एका वेगानं, ८०-१०० मीटर उंचीवर न्या. आता स्टिक अर्धा सेकंद डावीकडे, अर्धा सेकंद उजवीकडे, मग मध्ये. याला डबलेट म्हणतात. असे दहा-बारा घ्या, काही हलके, काही जोरात. प्रत्येकानंतर विमान शांत होऊ द्या.

लॉगमधून रोलचा वेग, त्याचं त्वरण आणि आयलेरॉनचा कोन काढा. त्वरण काढायला रोल-वेगावर जो फिल्टर लावाल, तोच फिल्टर कोनावरही लावा. नाहीतर एक सिग्नल मागे पडतो आणि उत्तर बिघडतं. लॉगमध्ये नोंदलेला कोन हा कमांडचा असतो, खऱ्या आयलेरॉनचा नव्हे. म्हणून टप्पा ३ मधला उशीर आणि संथपणा त्याला लावून घ्या. मग साध्या लीस्ट स्क्वेअर्सनं (चुकांच्या वर्गांची बेरीज सर्वात कमी करणाऱ्या पद्धतीनं) दोन आकडे बसवा. आमच्या विमानाचे १५ मीटर वेगाला असे आले:

रोलचं त्वरण = −१२ × रोलचा वेग + १०० × आयलेरॉनचा कोन

(कोन रेडियनमध्ये, वेळ सेकंदात.) म्हणजे आयलेरॉन १० अंश दिला तर रोल सेकंदाला ८३ अंशांवर स्थिरावेल. लॉगमध्ये ७० ते ९५ दिसत असेल तर हिशेब जागेवर आहे. ३० किंवा २०० दिसत असेल तर रेडियन-अंशांची गफलत शोधा, तीच असते.

तपासणी: आकडे निम्म्या डबलेटवर बसवा आणि उरलेल्या निम्म्यांवर पडताळा. ज्या डेटावर बसवले त्यावरच पडताळणं म्हणजे स्वतःचीच उत्तरपत्रिका स्वतः तपासणं.

जडत्व वेगळं मोजायचं असेल तर विमान नाक खाली करून, हलक्या काठीला बांधून, दोन समांतर दोऱ्यांनी टांगा आणि उभ्या अक्षाभोवती हलका पीळ देऊन सोडा. वजनबल × दोऱ्यांतल्या अंतराचा वर्ग × झोक्याच्या वेळेचा वर्ग, याला १६ × π चा वर्ग × दोरीची लांबी यानं भागलं की जडत्व मिळतं. दोऱ्यांमध्ये ०.८ मीटर, लांबी १.५ मीटर ठेवली तर आमच्या विमानाचे दहा झोके साडेसोळा सेकंदांत होतात, म्हणजे जडत्व सुमारे ०.१३. सामान हलवल्यावर हा आकडा बदलला का, हे घरबसल्या कळतं.

## टप्पा ५: आधी साधा कंट्रोलर, मग आदर्श चाल

अ‍ॅडॅप्टेशन नसतानाही विमान नीट उडलं पाहिजे. ही अट मी कोणालाही सोडत नाही. बेसलाइन, म्हणजे हा साधा कंट्रोलर, डळमळीत असेल तर वर चढवलेलं अ‍ॅडॅप्टेशन ती डळमळ झाकून ठेवतं आणि नको त्या वेळी उघडं पाडतं.

मग रेफरन्स मॉडेल ठरवा: विमानानं कमांडला कसा प्रतिसाद द्यावा, याची आदर्श चाल. इथं दोन्ही बाजूंनी चुका होतात. काहींना विमान लढाऊ जेटसारखं चपळ हवं असतं, ते सर्वोलाच झेपत नाही. काही जण सावधपणा म्हणून मॉडेल फार संथ ठेवतात, आणि तेही धोक्याचं आहे. कसं ते आकड्यांत बघा.

विमानाचा अंगचा दर (टप्पा ४ च्या सूत्रात रोलच्या वेगापुढचा आकडा) १२ आहे. आदर्श दर ६ ठरवला तर विमानाला मुद्दाम संथ करावं लागतं. त्यासाठी रोल-वेगाच्या दिशेनंच ०.०६ इतकं फीडबॅक (मोजलेल्या रोल-वेगाला ज्यानं गुणून आयलेरॉनला देतो तो आकडा) लागतं (१०० × ०.०६ − १२ = −६). आयलेरॉनचा जोर निम्मा झाला की अ‍ॅडॅप्टेशनला ते ०.१२ वर न्यावं लागेल. आणि नेमका तेव्हाच अडकलेला आयलेरॉन सुटला, जोर पुन्हा १०० झाला, तर १०० × ०.१२ − १२ = ०, स्थिरता संपली. जोर १५० पर्यंत गेला तर १५० × ०.१२ − १२ = +६. विमान बेकाबू. निम्म्या जोरावर जे औषध होतं, पूर्ण जोरावर तेच विष ठरलं.

म्हणून आदर्श दर विमानाच्या अंगच्या दराच्या जवळ, किंचित कमी ठेवा. आम्ही १० घेतला. मग फीडबॅक ०.०२ आणि कमांडचा (मागितलेल्या रोल-वेगाचा) गेन ०.१० पुरतो. जोर निम्मा झाला तरी ०.०४ आणि ०.२० लागतील, आणि ०.०४ वर जोर दीडपट झाला तरी १५० × ०.०४ − १२ = −६, विमान स्थिर.

सावध: मोजलेला उशीर आणि सर्वोचा संथपणा रेफरन्स मॉडेलमध्येही घाला. नाहीतर आदर्श चाल तत्काळ निघते, विमान ७५ मिलिसेकंदांनी मागे राहतं, आणि प्रत्येक कमांडला एक खोटी चूक तयार होते. अ‍ॅडॅप्टेशन ती खोटी चूक प्रामाणिकपणे शिकत बसतं.

## टप्पा ६: शिकण्याचं सूत्र आणि त्याला घालायची कुंपणं

सूत्र स्वतः एका ओळीचं आहे. मोजलेल्या रोल-वेगातून आदर्श रोल-वेग वजा केला की चूक मिळते. प्रत्येक गेनची जोड (बेसलाइनच्या गेनमध्ये मिळवायचा शिकलेला आकडा) पुढच्या हिशेबानं बदलत राहते:

जोड बदलण्याचा वेग = −(शिकण्याचा दर) × (चूक) × (त्या गेनचा सिग्नल)

फीडबॅकच्या जोडीला सिग्नल म्हणजे रोलचा वेग, कमांडच्या जोडीला कमांड. हे सूत्र एक गोष्ट गृहीत धरतं: आयलेरॉन कमांड वाढवली की रोल त्याच दिशेनं वाढतो. सर्वो उलटा जोडला असेल तर हेच सूत्र चूक वाढवतच नेतं, आणि यातून शिकून बाहेर येण्याचा मार्ग त्याच्याकडे नाही.

शिकण्याचा दर किती? आमच्या आकड्यांत ०.०१ पासून सुरुवात करा. रोल सेकंदाला १ रेडियनच्या आसपास ठेवला तर त्या दरानं शिकायला दहाएक सेकंद सततच्या वळवळीचे लागतात. ०.०४ ला अडीच सेकंद. त्यापुढे जायची घाई नको. लक्षात ठेवा, सिग्नल दुप्पट झाला की शिकणं चौपट होतं, कारण सिग्नल चुकीतही येतो आणि गुणाकारातही येतो. म्हणून दराला (१ + सिग्नलचा वर्ग) यानं भागून घ्या, नाहीतर हळुवार उडवताना उत्तम वाटणारं विमान जोरात वळवलं की पिसाळतं.

आता कुंपणं. यातलं एकही गाळू नका.

मर्यादा. टप्पा ५ च्या आकड्यांवरून प्रत्येक जोडीला वरची-खालची हद्द घाला. आमच्याकडे फीडबॅकची जोड −०.०२ ते +०.०३, कमांडची −०.०४ ते +०.१०. हद्दीच्या प्रत्येक टोकाला उलटी तपासणी करा: या टोकावर असताना विमान अचानक दुसऱ्या टोकाचं झालं, तर स्थिर राहील का?

मृत पट्टा. शांत उड्डाणातही चूक कधी शून्य होत नाही, हवा आणि सेन्सर थोडी चूक देतच राहतात. विमान सरळ जात असताना ही कुरकुर साठत जाते आणि गेन तासाच्या काट्यासारखा नकळत सरकतो. म्हणून चूक ठरावीक मर्यादेखाली असेल तर शिकणं थांबवा. मर्यादा लॉगमधून काढा, मनानं नको. पहाटेच्या लॉगमध्ये चूक सेकंदाला ४ अंशांच्या आत असेल तर ६ ठेवा. दुपारी उडवणार असाल तर दुपारचा लॉग बघून ठरवा, तिथं आकडा कितीतरी मोठा येतो.

गळती. प्रत्येक जोड आपोआप शून्याकडे हळूहळू ओसरू द्या. सेकंदाला ०.०२ ची गळती म्हणजे साधारण ५० सेकंदांत बरंच शिकलेलं विसरायचं. याची किंमत अशी की शिकलेलं कधीच शंभर टक्के बसत नाही, ०.०१ च्या दराला ऐंशी-पंच्याऐंशी टक्क्यांवर थांबतं. ही किंमत द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

गोठवणं. आयलेरॉन टोकाला टेकला असेल, हवेचा वेग ठरावीक मर्यादेखाली असेल, किंवा विमान उतरायला लागलं असेल, तर शिकणं तिथंच गोठवा. १५ नोव्हेंबर १९६७ ला अमेरिकेचं एक्स-१५ हे रॉकेट-विमान कोसळून वैमानिक मायकेल अ‍ॅडम्स गेले. गिरकीतून विमान बाहेर आलं होतं, पण अ‍ॅडॅप्टिव्ह यंत्रणेचा गेन चढाच राहिला, कंट्रोल टोकाला टेकत डोलत राहिले आणि तो गेन खाली आलाच नाही. टोकाला टेकलेल्या सर्वोसोबत शिकत राहू देणं किती महाग पडतं, ते तिथं दिसलं.

सावध: बेसलाइनमध्ये इंटिग्रेटर (चूक साठवत जाऊन भरून काढणारा भाग) असेल आणि अ‍ॅडॅप्टेशनमध्येही कायमची ट्रिम (विमानाची एका बाजूची ओढ भरून काढणारा कोन) शिकणारी जोड असेल, तर दोघं एकाच चुकीमागे लागतात आणि विमान संथपणे डावी-उजवीकडे झुलतं. दोन्हींपैकी एक काढा.

आणखी एक गोंधळ. आर्डुपायलटच्या (आर्डुप्लेन त्यातलंच) सेटिंगमध्ये 'एल-वन' दिसलं की मुलं समजतात अ‍ॅडॅप्टिव्ह कंट्रोल आयतंच मिळालं. ते 'एल-वन' मार्गावर वळण कसं घ्यायचं ते ठरवतं. त्याच नावाच्या अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धतीशी त्याचा संबंध नाही.

## टप्पा ७: सिम्युलेशनमध्ये मोडून बघा

सिम्युलेशन चाललं म्हणून आनंद मानू नका, ते कुठं मोडतं ते शोधा. आयलेरॉनचा जोर ५० ते १५०, विरोध ८ ते १८, वेग १२ ते २० मीटर, यांची शेकडो मिश्रणं फिरवा. वाऱ्याचे धक्के घाला. मधेच जोर निम्मा करा, पुन्हा पूर्ण करा.

मग उशीर वाढवा. मोजलेल्या आकड्यावर दर वेळी १० मिलिसेकंद चढवत जा आणि डोलणं कुठं सुरू होतं ते लिहा. मोजलेल्या उशिरावर आणखी ५० मिलिसेकंद तरी झेपले पाहिजेत, हा माझा नियम. झेपत नसतील तर शिकण्याचा दर निम्मा करा आणि पुन्हा पहिल्यापासून.

## टप्पा ८: हातात धरून चाचणी

प्रोपेलर काढा. विमान हातात घ्या, डावीकडे झुकवा: डाव्या पंखाचं आयलेरॉन खाली गेलं पाहिजे, म्हणजे पंख वर उचलायला. उजवीकडे उलट. सूत्राची सगळी मदार या दिशेवर आहे, म्हणून दोघांनी बघून दोघांनी होकार द्यायचा. ही खूण झुकाव सरळ करणाऱ्या मोडमध्ये बघा, नुसत्या रोल-वेगाच्या मोडमध्ये ती तशी दिसणार नाही.

आता गोठवण्याची चाचणी. हातात धरलेल्या विमानाला हवा नाही, आयलेरॉन हलवून रोल होत नाही, म्हणून चूक संपत नाही. एकदा एका गटाचं विमान फेकायला मी स्वतः हातात धरून उभा होतो. मुलगा ट्रान्समीटरवर वाऱ्याचा अंदाज घेत होता, स्टिक किंचित उजवीकडे. मिनिटभरात एक आयलेरॉन मुंगीच्या पावलानं वर सरकत टोकाला गेलं. 'सर, थांबा, आयलेरॉन बघा,' असं मागून कोणी ओरडलं नसतं तर फेकताक्षणी ते विमान उलटं होऊन जमिनीत गेलं असतं. वेगाची अट कोडमध्ये लिहिलेली होती, पण ताशी किलोमीटरमधल्या वेगाची तुलना सेकंदाला मीटरमधल्या मर्यादेशी होत होती, म्हणून नुसत्या वाऱ्यानंही ती ओलांडली जात होती.

तपासणी: स्टिक बाजूला धरून दोन मिनिटं थांबा. जोडींचे आकडे अगदी शून्यावर राहिले पाहिजेत. थोडेही हलले तर उड्डाण रद्द.

## टप्पा ९: उड्डाण, तीन पायऱ्यांत

ट्रान्समीटरवर तीन जागांचं बटण ठेवा: हाती, बेसलाइन, अ‍ॅडॅप्टिव्ह. हाती म्हणजे स्टिक थेट सर्वोला, मधे काहीही नाही. पायलटनं लॅपटॉपकडे बघायचं नाही, आकडे वाचायला दुसरा माणूस हवा.

पहिली पायरी सावलीची. सूत्र चालू, पण त्याचं उत्तर सर्वोला जात नाही, फक्त लॉगमध्ये लिहिलं जातं. इथं एक मोठी फसगत होते. जोड लागू होत नसल्यानं चूक कधी कमी होत नाही, म्हणून सूत्र शिकतच राहतं आणि आकडे हद्दीला जाऊन टेकतात. मुलं हे बघून घाबरतात, किंवा त्या टेकलेल्या आकड्याला 'शिकलेलं उत्तर' समजून बेसलाइनमध्ये भरतात. सावलीत फक्त तीन गोष्टी बघा: जोड योग्य दिशेनं निघते का, सरळ उड्डाणात ती स्थिर राहते का, गोठवणं वेळेवर होतं का.

दुसरी पायरी, थोड्या अधिकाराची. अ‍ॅडॅप्टेशनला आयलेरॉनच्या प्रवासाचा फक्त १० टक्के द्या. १०० मीटर उंची, पहाट, चालू ठेवायचं ते अर्धा मिनिट. विमान डुलल्यासारखं वाटलं की विचार न करता बटण 'हाती'वर.

तिसरी पायरी, मुद्दाम केलेला बिघाड. आयलेरॉनची कमांड सॉफ्टवेअरमध्येच ०.७ नं गुणा आणि हा गुणाकार वेगळ्या बटणावर ठेवा. खरा पंख कापण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित, कारण बिघाड एका बोटानं मागे घेता येतो. आता अधिकार २० टक्के करा. तीच डबलेटची माळ आधी बेसलाइनवर, मग अ‍ॅडॅप्टिव्हवर उडवा. हिशेबानं फीडबॅकची जोड ०.००९ आणि कमांडची ०.०४३ यायला हवी. प्रत्यक्षात दोन्ही वेगवेगळ्या आकड्यांवर थांबतील, कारण रोल स्थिर असताना रोलचा वेग आणि कमांड जवळजवळ सारखेच असतात आणि सूत्राला त्यांच्यातला फरक ओळखता येत नाही. बेरीज बघा. ती गळतीमुळे ०.०५ च्या थोडी खाली आली आणि चूक घटली, तर काम झालं.

सावध: बिघाडाचं बटण मागे घेताच शिकलेल्या जोडी त्याच क्षणी शून्य व्हायला हव्यात, हे कोडमध्येच जोडून ठेवा. ०.७ साठी शिकलेले गेन पूर्ण जोराच्या आयलेरॉनवर एक सेकंदही राहू देऊ नका.

सामान हलवणं, पंखावर टेप लावणं, दुपारची हवा, हे सगळं यानंतर. एका उड्डाणात एकच बदल.

## टप्पा १०: उतरल्यावर लगेच

बॅटरी काढण्याआधी लॉग उतरवून घ्या. त्यात चूक, प्रत्येक जोड, कमांड, रोलचा वेग, हवेचा वेग, सर्वो टोकाला टेकल्याची खूण आणि गोठवल्याची खूण, सगळं लूपच्याच वेगानं नोंदलेलं असावं. सेकंदाला दहा नोंदींच्या लॉगमध्ये डुलणं दिसतच नाही.

लॉग तीन ठिकाणी उघडा. सरळ उड्डाणाचा सर्वात लांब तुकडा: जोड सरकत असेल तर मृत पट्टा लहान पडला. सर्वात जोराचं वळण: जोड हद्दीला टेकली असेल तर टप्पा १ चा अंदाज चुकला, हद्द वाढवू नका, आधी कारण शोधा. आणि उतरण्याआधीचे शेवटचे वीस सेकंद: गोठवल्याची खूण चाक जमिनीला लागल्यावर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी लागलेली दिसली पाहिजे.

मग सर्वोंना हात लावून बघा. एक सर्वो दुसऱ्यापेक्षा जास्त गरम असेल तर तो हवेत सतत थरथरत होता. लॉगमध्ये आयलेरॉनची कमांड त्या वेळेची मोठी करून बघा, आणि कारण सापडेपर्यंत दुसऱ्या दिवशीचं उड्डाण ठरवू नका.